मायनभाजी

पंप सुरू करण्याआधी जयराममामा हातातल्या पान्याने लोखंडी पाइपवर तीनदा ठोकायचे. ठण, ठण, ठण. मग कमरेवर हात ठेवून खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दिशेने ओरडायचे, "सोडतंय गोऽ, सोडतंय! वयर सरा!" त्यानंतर तोंडातल्या तोंडात शंभर आकडे मोजायचे आणि मगच बटण दाबायचे. पाइप एकदा खोकल्यासारखा करायचा आणि खाणीच्या खड्ड्यात साठलेलं तांबडं पाणी भसाभसा व्हाळात पडायचं.

ही हाक सुरुवातीला व्हाळावर कपडे धुणाऱ्या बायकांसाठी होती. हाक ऐकली की त्या भिजवलेले कपडे उचलून वरच्या कातळावर जाऊन बसायच्या. मी मोठी होईपर्यंत व्हाळाचं पाणी इतकं तांबडं झालं, की कपडे घेऊन तिथे कुणी येईनासं झालं. गुरंसुद्धा वरच्या अंगाला पाणी प्यायची. पण मामांची हाक थांबली नाही. एकदा मी त्यांना विचारलं, "मामा, तुमी सांगतास कोणाक? थंय कोण नाय."

"आसतत गो," ते म्हणाले आणि खेकडे, बेडूक बोटांवर मोजू लागले. "कुर्ल्यो आसतत, बेंडके आसतत. राखणदार आसा. दिसनत नाय म्हणान काय न सांगताच पाणी सोडूचां?"

ते माझे सख्खे मामा नव्हते. माझी आई आणि ते दोडामार्गाकडच्या एकाच वाडीतले, म्हणून मामा. गोवा मुक्त झाला, हद्दीवरचा पहारा उठला आणि पुढच्या काही वर्षांत तिकडची पुष्कळ माणसं खाणीवर काम शोधत इकडे गोव्यात आली. मामा त्यांतले एक. आधी घमेली उचलली, मग पंपावर लागले आणि पंपावरच राहिले. माझे वडील त्याच खाणीवर ट्रक चालवायचे. लाटंबार्शात, खाणीजवळच्या गावात, आमची दोन घरं एका कुंपणाच्या अल्याड-पल्याड होती. मामा आणि आनंदीमामींना मूल नव्हतं. मी दहावी पास झाले तेव्हा पेढे आमच्या घरी नव्हे, त्यांच्या घरी आधी आले, आणि मामा ते वाटत फिरताना लोकांना "आमचां चेडू पास झालां" असंच सांगत होते.

मामा बोलायचे कमी आणि बोलले की जरा तिरकं बोलायचे. नवीन साहेब खाणीवर आला की म्हणायचे, "पॅन्ट पांढरी आसा, म्हणजे पावसाळो बघूक नाय." मी म्हापशाच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी ते बसपर्यंत आले. मी वही छातीशी धरून बसले होते. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं आणि म्हणाले, "थंय कोणाक भियां नको. समजलां नाय तर समजलां नाय म्हणान सांग. सांगल्यान कोण मरणा नाय. न सांगल्यान मरतत."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं हसून ऐकलं.

त्यांच्या घराच्या ओसरीवर, वाशाला एक भाताची पेंडी टांगलेली असायची. सुकून ती तारेसारखी झाली होती आणि तिच्या मुळांना तांबडा गाळ घट्ट चिकटलेला होता. ती तिथे कशी आली, ते मला आईने सांगितलं. एका पावसाळ्यात खाणीच्या बांधातून गाळ फुटून खालच्या शेतांत शिरला. लावणी झालेली शेतं भरून गेली. शेतवाली एक म्हातारी तिच्या शेतातली मूठभर रोपं उपटून घेऊन आली आणि मामांच्या उंबऱ्यावर टाकून म्हणाली, "घे. तुझ्या पंपाचां पीक." बांध मामांनी बांधलेला नव्हता, पाणी सोडण्याचा हुकूमही त्यांचा नव्हता. मामी तसं बोलल्याही. मामांनी ती रोपं उचलली, सुंभाने बांधली आणि वाशाला टांगली. पुढे कितीही दिवाळ्या आल्या, घर झाडलं, सारवलं, तरी ती पेंडी कुणी काढली नाही. संध्याकाळी वारा आला की ती खसखसायची. लहानपणी मला तिची भीती वाटायची. आता मला वाटतं, घरात तिला न घाबरणारं कुणीच नव्हतं.

त्या शेतांच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, पूर्वी कांचरी नावाची एक भाजी आपोआप उगवायची. बारीक पानांची, जमिनीला धरून पसरणारी. बाळंतिणीला दूध येण्यासाठी म्हाताऱ्या ती करून घालायच्या. गाळ आला आणि कांचरी गेली. मामांच्या डोक्यात हे बसलं होतं. भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं, पण आपणहून येणारी वस्तू रुसून गेली तर तिला कोण आणणार, असं ते म्हणायचे.

मी बारावीत असताना व्हाळात ती नवीन वनस्पती आली. कुठून आली कुणास ठाऊक. पंपाच्या तोंडाशी साठलेल्या गाळावर, जिथे गवताची काडी उगवत नव्हती, तिथे एका पावसात हिरवीगार चादर पसरली. पोकळ देठ, समोरासमोर लांबट पानं आणि लांब दांड्यावर कापसाच्या बोंडासारखं छोटं पांढरं फूल. ती काठावरून पाण्यावर सरकली आणि वर्षभरात व्हाळ अर्धा झाकून गेला. पाणी तुंबलं. लोकांनी कोयत्यांनी ती कापून काढली, तर प्रत्येक तुकडा वाहत जाऊन पुढे रुजला. मायन म्हणजे खाण. खाणीच्या पाण्यावर वाढली म्हणून बायका तिला तुच्छतेने मायनभाजी म्हणायला लागल्या. भाजी म्हणजे थट्टेने. ती खाण्याचा विचारही कुणाच्या मनात नव्हता.

मामांच्या मनात मात्र आला. ते तिच्याकडे तासन्‌तास पाहत बसायचे. एक दिवस मला हाक मारून म्हणाले, "बघ, पान बघ, फूल बघ. आपल्या कांचरेची थोरली भैण ही. धाकटी रुसान गेली, म्हणान थोरली इली."

त्यांनी तिची परीक्षा त्यांच्या पद्धतीने घेतली. आधी शेळीपुढे टाकली. शेळीने खाल्ली. मग कोंबड्यांना घातली. दिवसभर पाण्यात उभं राहून त्यांच्या पायांच्या बोटांमध्ये कायम चिखल्या असायच्या. पाटा घेऊन त्यांनी पाला वाटला आणि त्याचा लेप बोटांत भरला. चारपाच दिवसांत चिखल्या सुकल्या. मग शेजारच्या ट्रकवाल्यांनीही लेप नेला. शेवटी मामांनी कोवळे शेंडे खुडून, बारीक चिरून, खोबरं आणि सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालून भाजी केली. पहिल्या दिवशी एकट्यानेच खाल्ली. मामींना हात लावू दिला नाही. "जेचो हात पंपाच्या व्हॉल्वाक, तेचां तोंड पयलां," असं म्हणाले. तीन दिवस काही झालं नाही, तेव्हा चौथ्या दिवशी मामींच्या पानात वाढली.

मामींच्या अंगात रक्त कमी होतं. जिना चढल्यासारखा दम त्यांना अंगणातच लागायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरने पालेभाजी खा म्हणून सांगितलं होतं. मामा रोज संध्याकाळी पाळी संपली की पंपाच्या तोंडाशी उतरून मुठी दोन मुठी शेंडे खुडून आणायचे. त्यांचा चेहरा तेव्हा जसा दिसायचा तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. जणू कुणीतरी त्यांना माफ केलं होतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र घेतलं, तेव्हा त्यांनीच एक फांदी ओल्या फडक्यात बांधून माझ्याकडे दिली. "तुझ्या सरांक इचार, हीचां नाव काय. आणि खाल्ली तर चलात मां, ताही इचार. लिवन घे सगळां. मग मी त्या म्हातारेक नेवन दाखयतलंय."

म्हातारी म्हणजे तीच, पेंडी टाकणारी.

आमचे सर चांगले होते. त्यांनी फांदी भिंगाखाली धरली, जाडजूड पुस्तक काढलं आणि पाच मिनिटांत नाव सांगितलं. लांबलचक लॅटिन नाव. म्हणाले, ही दक्षिण अमेरिकेतली, जगभर पाण्याकाठी पसरलीय. काही देशांत कोवळे शेंडे भाजी म्हणून खातात, औषधातही वापरतात. आपल्या कांचरीच्याच कुळातली आहे. मला इतका आनंद झाला की मी वही मिटली. मामा बरोबर होते. भैणच होती ती!

"पण कुठल्या पाण्यातली आहे ही?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं.

सरांनी फांदी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "पाण्यात जे असेल ते ही वनस्पती शोषून घेते. जड धातूसुद्धा. गढूळ पाणी साफ करायला हिचा उपयोग होतो, तो त्यामुळेच. खाणीच्या पाण्यातली असेल तर तपासल्याशिवाय खाऊ नये. कुणी खातं का तिकडे?"

"नाही, सर," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. वर्गातली पोरं ऐकत होती. खाणीच्या गाळातली भाजी खाणारी माणसं माझी आहेत, हे त्यांच्यापुढे सांगण्याची मला लाज वाटली. एवढंच कारण होतं. त्यापेक्षा मोठं कारण मला सापडलेलं नाही.

बसमधून परत येताना मी ठरवलं होतं, की मामांना सगळं सांगायचं. पण मी कुंपणापाशी पोचले तर मामा आधीच तिथे उभे. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, एखादा निकाल लागायचा असावा तसे.

"काय म्हणाले?"

"कांचरीच्याच कुळातली आसा, मामा," मी म्हटलं. "दुसऱ्या देशांत लोक खातत. औषदाकय वापरतत."

"बघलंस?" ते मामींकडे वळून ओरडले. "बघलंस गो? कुळातलीच! मी काय सांगत होतंय?" आणि मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "आणि काय म्हणाले?"

"आणि काय नाय," मी म्हटलं.

त्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. केळीचं पान मांडलं. मामींनी भात, आमटी, तळलेला बांगडा आणि मध्यभागी हिरवीगार मायनभाजी वाढली, हात आखडता न घेता. मामा समोर बसून खात होते आणि दर घासाला "चव बघ, चव" म्हणत होते. मी भात खाल्ला, बांगडा खाल्ला. मामी पाणी आणायला आत गेल्या आणि मामांनी मान खाली घातली, तेवढ्यात भाजी उरलेल्या भाताखाली सारली आणि पान दुमडलं.

त्या घरी पाहुण्याने स्वतःचं पान उचलायचं नाही असा रिवाज होता. मी तो विसरले. मी उठायच्या आत मामांनी माझं पान उचललं. क्षणभर त्यांनी ते हातात तसंच धरलं. जेवलेलं पान हलकं असतं. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "हात धुव जा, बाय," आणि परसात गेले.

त्यानंतर मी त्यांना टाळायला लागले. अभ्यास होता, परीक्षा होत्या, हे खरं होतं आणि नव्हतंही. ते कुंपणावरून कधी भाजी पाठवायचे, तर मी आईला ती टाकून द्यायला सांगायचे. आईने कारण विचारलं तेव्हा सरांनी सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं. म्हणजे आमच्या घराला मी सावध केलं. कुंपणापलीकडे माझे शब्द गेले नाहीत. तिथे मामी रोज ती भाजी खात होत्या, रक्त वाढावं म्हणून. रोज संध्याकाळी फोडणीचा वास यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचे. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता दीड वर्ष गेलं. जितका उशीर होत गेला तितकं ते वाक्य जड होत गेलं. आता सांगितलं तर ते विचारतील, इतके दिवस का नाही सांगितलंस?

तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर मामा आजारी पडले. आधी पाय सुजले, मग जेवण जाईना. मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली आहेत. रक्तदाब पुष्कळ वर्षांचा असावा, कधी गोळ्या घेतल्या नाहीत, त्यामुळे असेल. मी धीर करून विचारलं, "खाण्यातून काही?" डॉक्टर म्हणाले, "आता कसं सांगणार?" मला हवं होतं तसं उत्तर नव्हतं ते, पण मला कुठलं उत्तर हवं होतं, हे तरी मला कुठे माहीत होतं.

मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते बारीक होऊन खाटेत बुडाले होते. त्यांनी मला अभ्यासाबद्दल विचारलं. मी तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "बोलां नको. दमलंस तू." दमलेले ते होते. मी त्यांचा हात धरून बसले. बोटांच्या बेचक्यांत तांबडा रंग अजून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

ते गेल्यानंतर वाडीतल्या बायका सांगायला लागल्या, की पंपापाशी अजून तीन ठोके ऐकू येतात. माझे वडील म्हणायचे, लोखंड तापतं आणि निवतं, तेव्हा पाइप वाजतो. खरं असेल. पण मी अंथरुणात जागी असताना ठोके मोजायचे. ते तीनच असायचे.

बारावा झाल्यावर आनंदीमामी कुंपणाशी आल्या. "चल माझ्यावांगडा," म्हणाल्या. मला वाटलं, पंपाकडे जायचं असेल. पण त्या उलट्या दिशेने, वर डोंगराकडे चालू लागल्या. मी मागून जात होते आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं की मामी न थांबता चढताहेत. काजीच्या झाडांमधून आम्ही वरच्या झरीपाशी पोचलो. खाणीच्या वर असल्यामुळे तिचं पाणी स्वच्छ आहे. झरीच्या खाली दगडांची वर्तुळाकार मेर घातलेली होती, फांद्या वाहून जाऊ नयेत म्हणून बांबूच्या कामट्या ठोकलेल्या होत्या आणि आत अंगणाएवढ्या जागेत मायनभाजी होती. नेटकी खुडलेली, लहान लहान शेंड्यांची.

"ही तेणी लायली," मामी म्हणाल्या. "तू जेवन गेलंस त्याच्या दुसऱ्या दिसा."

मी मेरेशी वाकून पाण्यात हात घातला.

"तुझां पान जड लागलां तेंका. माका म्हणाले, चेडू शिकलेलां आसा. तां खाय नाय, म्हणजे कायतरी आसा. मी म्हटलंय, मग इचारा तेका. तर म्हणाले, नको. तेच्या तोंडार आसा, तेका सांगूक जड जाताहा. जड वस्तू पोराच्या डोक्यार देवची नाय. तेच्या फुडे माझ्या पानात खालची भाजी एक दीस पडली नाय. तुमच्या घराकय वयलीच धाडीत."

आईने टाकून दिलेले ते वाटे मला आठवले. ते डोंगर चढून, पाळी संपल्यावर, सुजलेल्या पायांनी आणलेले होते.

"आणि मामा?" मी विचारलं. "मामा खयची खायत?"

मामी झरीकडे पाहत राहिल्या. "खालची. मी भांडलंय तेंच्यावांगडा. दोन आयदनांत दोन भाजयो रांधूक लागलंय मी, एका घरात. म्हणाले, पाणी मी सोडतंय. व्हाळातल्यो कुर्ल्यो तांच पाणी पितत, तेंका खंय वयली झर आसा?"

मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आता तरी सांग गो. काय म्हणाले होते तुझे सर?"

मी सांगितलं. सर बोलले होते तसं, एकही शब्द न गाळता. माझं "नाही, सर" सुद्धा सांगितलं, आणि ते का म्हटलं तेही. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. "इतक्याच?" त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. एवढंसं ते वाक्य दीड वर्ष कुणाच्या घशात कसं अडकतं, याचं त्यांना खरोखर नवल वाटलं असावं. मग त्या वाकून शेंडे खुडू लागल्या. मीही खुडू लागले.

खाली खाणीवर दुपारची पाळी बदलल्याचा, पंप सुरू व्हायच्या वेळेचा, भोंगा झाला. आम्ही दोघीही सवयीने हात थांबवून उभ्या राहिलो. आता तीन ठोके. मग हाक. मग शंभर आकडे. पण नवीन पंपवाल्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पाइप एकदा खोकला आणि पाणी पडल्याचा आवाज थेट वर आला.

मामींच्या हातातली भाजी तशीच राहिली. "न सांगताच सोडल्यान," त्या पुटपुटल्या.

मी ओंजळ रिकामी केली आणि डोंगर उतरायला लागले. पंपाच्या खोपीशी पोचले तेव्हा नवीन माणूस स्टुलावर बसला होता. माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठा असेल. मला धाप लागली होती. "काय व्हया?" त्याने विचारलं. भिंतीला मामांचा पाना टांगलेला होता. मी तो काढून त्याच्या हातात दिला आणि पाइपकडे बोट दाखवलं.

"उद्यापासून," मी म्हटलं, "आधी सांगूचां."